लाइनवर

या महिन्यात भिशी कुंदाला लागली
आणि ती म्हणाली, मिसळ झाली, थाळी झाली,
आता मेलं फ्रेंच खाऊन बघू.

तर आम्ही सहा जणी,
ट्रंक एक्स्चेंजच्या रात्रपाळीतल्या,
कोरेगाव पार्काच्या पाचव्या गल्लीत
दोन रिक्षांतून उतरलो.
एकीच्या गुडघ्याला पट्टा, एकीच्या कानात मशीन,
वत्सलेच्या पिशवीत, असू देत म्हणून, दशम्या.

मेनू आला तसे चष्मे बदलले.
या भाषेत निम्मी अक्षरं गप्प बसतात म्हणे.
"मग छापतात कशाला?" विमल म्हणाली.
हीच ती विमल, उभ्या नोकरीत
तीन मिनिटांवर एक सेकंद
फुकट दिला नाही कुणाला.

वेटर बार्शीचा निघाला. नाव निवृत्ती.
आम्ही इतक्या हसलो की पोरगं कानकोंडं झालं.
म्हणाला, एकेक नका घेऊ, मावशी,
मधे ठेवतो, सगळ्यांनी खा.

आणि आला वितळलेल्या चीजचा टोप,
खाली इवलीशी ज्योत,
सहा लांब काटे, टोकाला पाव.
एकाच टोपात सहा जणींनी बुडवायचं.
वत्सलेचा हात थांबला.
सोवळं तिनं केव्हाच सोडलंय,
पण उष्टं अजून मनगटात राहतं तिच्या.

फिलोमिना म्हणाली,
"अगं, तेरा नंबरच्या बोर्डावर
माझ्यामागून तूच बसायचीस ना?
माझी पावडर, कुंदाचं खोबरेल,
रझियाचा विडा, सगळ्यांचा वास असलेला
तोच हेडसेट, तोच भोंगा तोंडासमोर.
वीस वर्षं उष्टी हवा घेतलीस माझी."

वत्सलेनं काटा बुडवला.
पाव निसटून तळाला गेला.
"कट झाला," कुंदा म्हणाली.

मग ताटल्या फिरायला लागल्या
न सांगता, जुन्या सरावानं:
कांद्याचं सूप सोलापूरकडे,
वांग्या-टोमॅटोच्या चकत्या नगरला,
तिथून 'तिखट कुठाय?' म्हणून परत,
मश्रूम रझियाच्या ऐकू येणाऱ्या बाजूनं.
मोहरीची चटणी नाकात गेली आणि विमल रडली,
मग मोहरीशी संबंध नसलेलंही
थोडं रडून घेतलं तिनं.
कुणी विचारलं नाही.
ऐकलेलं विसरायची शपथ घेतलेल्या आम्ही.

मंदाकिनी सूपापासून गप्प होती.
निवृत्तीला एकदम म्हणाली, "न किते पा."
तो गोंधळला. त्याला पदार्थच तेवढे येत होते.
"पाँडिचेरीच्या बोर्डावर एक बाई होती,
एकोणऐंशी ते सत्त्याऐंशी.
खरखर वाढली की म्हणायची.
ठेवू नका, लाइन धरा, असं काहीतरी.
नाव नाही विचारलं.
नियमात नव्हतं."

जळक्या साखरेचा पापुद्रा असलेलं एक दुधाळ गोड आलं,
सहा चमचे त्यावर टक टक करत राहिले.
गुरुवार होता. अंडं आहे का,
हे वत्सलेनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

टोप उचलताना रझियानं थांबवलं,
तळातून तो हरवलेला पाव काढला
आणि कुणाचा न म्हणता खाल्ला.

बिल विमलनं सहा भागांत केलं, पैशापर्यंत.
दशम्या निवृत्तीला गेल्या.

बाहेर रिक्षा नव्हत्या.
फूटपाथवर उभ्या राहिलो
एकमेकींचे दंड धरून,
गुडघ्यांसाठी म्हणून.