दाब

बावीस वर्षं माझ्या अक्षरात
आमचं सावखेडं एकमतानं जगलं.
लाल कापडी बांधणीचं कुठलंही रजिस्टर काढा,
कुठलंही पान उघडा:
ठराव वाचून दाखवला. सर्वानुमते मंजूर.
‘सर्वानुमते’तला रफार मी असा काढायचो
की बीडीओ साहेबांनी एकदा मध्येच थांबून
विचारलं होतं, शाळा कुठली?

आता खरं सांगतो.
दर सभेला शाळेच्या व्हरांड्यात, शेवटच्या खांबाशी
उखा शिंपी उभा राहायचा,
गळ्यात टेप तसाच, खिशाच्या काठाला दोन सुया.
“मना इरोध शे. लिखी ल्या.”

आमदारांच्या वडिलांच्या नावची कमान:
मना इरोध शे.
दिवे आधी वरच्या गल्लीत, भिलाटीत पुढच्या वर्षी:
मना इरोध शे.
मुलींच्या संडासाची जागा: त्यालाही.
त्यात तो साफ चुकला होता,
माझी धाकटी तेव्हा सातवीत होती,
मी आजही चुकलाच म्हणतो.

सरपंच हसून म्हणायचे, पुढचा विषय.
मागून कुणाची तरी शिट्टी.

कमानीच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.
त्या थंडीत मळ्यातल्या भरिताचा सांगावा
घरोघर गेला,
तूरकाट्यांवर वांगी भाजली,
उखाच्या दारावरून धूर तेवढा गेला.
आखाजीच्या तोंडावर,
माहेरवाशिणींची पोलकी शिवून
ज्या मशीनला दम खायला फुरसत नसायची
ते मशीन गप्प.
कापडं धरणगावला जायला लागली.

मी जायचो त्याच्याकडे. पण अंधार पडल्यावर,
मुलाची पँट काखेत दाबून.
खुंटीला सरपंचांचाच पांढरा शर्ट, इस्त्री झालेला.
तेही अंधारातच आले असणार.
“बाह्या आखूड नाही केल्या त्यांच्या?” मी आपलं गमतीनं.
त्यानं दातांतली टाचणी काढली.
“माप म्हनजे माप, आप्पा.”
मग माझ्या पोराची पँट उलटी करून
शिवण दाखवली: आत दोन बोटं कापड मोकळं.
याला दाब म्हणतात.
पोरगं वाढतं, तेव्हा उसवून सैल करता येतं.
“दाब नही सोडा ते कपडा फाटस.”

पुढच्याच सभेत विषय क्रमांक चार:
स्टँडजवळची टपरी, अतिक्रमण.
टपरी उखाचीच.
तो उठला. “मना इरोध शे, कारन...”
टाळ्या सुरू झाल्या.
टाळ्या वाजवूनही माणसाला खाली बसवता येतं
हे मी तेव्हा पाहिलं.
तो माझ्याकडे बघत होता, माझ्या पेनाकडे.
मी सर्वानुमते लिहिलं.
रफार चांगला आला.

रजिस्टरं नव्या कारकुनाच्या ताब्यात द्यायच्या आदल्या रात्री
कंदिलासारखा मिणमिणता बल्ब लावून बसलो.
समास रुंद सोडायची माझी जुनी सवय,
त्या समासात पेन्सिलीनं
एकेका ठरावापुढे लिहीत गेलो:
एक विरोध. उखा मोतीराम शिंपी. कारण,
आणि तिथे अडलो.
दिव्यांचं कळत होतं. कमानीचं?
संडासाचं काय होतं त्याचं म्हणणं?
बावीस वर्षांत एकदाही
आम्ही त्याला कारणापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

उखा आता बोरीच्या पुलापलीकडे
घराच्या ओसरीवर शिवतो.
काल गेलो. भर दुपारी, स्टँडवरून,
सगळे बघत असताना.
म्हटलं, उखाभाऊ, कारण काय होतं?
त्यानं आधी सुईत दोरा ओवला,
दोनदा हुकला, तिसऱ्यांदा ओवला.
“कोनता इरोधनं?”

मी पिशवीतून वही काढली.
“मंग बसा,” तो म्हणाला. “टाईम शे ना?”