युनियनपर्यंत

उभादांड्याला समुद्राकडचे नळ आधी गंजतात,
मग खिडक्यांचे गज, मग माणसांचे स्वभाव.
खाऱ्या वाऱ्याचा हा क्रम
सव्वीस वर्षं पाहतोय, पाना हातात धरून.

माझं काम विहिरीपासून सुरू होतं:
फूट व्हॉल्व्ह, पंप, गच्चीवरची टाकी,
भिंतीत चर मारून खाली उतरवलेली लाईन,
आणि न्हाणीघरात, छातीच्या उंचीवर,
एका पितळी युनियनपाशी संपतं.
त्याच्या पलीकडे इनास आल्मेडा.

पलीकडे म्हणजे गिझर, सोलरच्या काचनळ्या,
आणि ज्यांच्याकडे अजून उरलेत त्यांचे तांब्याचे बंब.
इनास बंबाच्या पोटावर बोटाचं पेर वाजवतो
आणि सांगतो, पत्रा कुठे पातळ झालाय.
मला तो आवाज सगळीकडे सारखाच येतो.

गिऱ्हाइकाला हे पटत नाही.
'एवढ्याशा कामाला दोन माणसं?'
परुळेकरबाईंनी एका मे महिन्यात विचारलं.
संध्याकाळी पाहुणे यायचे होते, चारही खोल्या भरलेल्या.
'पाणी तेच, भिंत तीच, तुम्हीच उघडा की.'
तेव्हा मी चौतीसचा होतो
आणि कुणी 'तुम्हीच' म्हटलेलं मला आवडायचं.

उघडला.
मधलं पितळ काढून टाकलं, उगाच अडतंय म्हणून,
तांबं सरळ लोखंडाला जोडलं,
आणि टाकी भरायच्या आधीच बटण दाबलं.
कॉइल आत कोरडीच जळली.
चुलीत बांगड्याची शेपटी पडावी तसा वास.

रात्री साडेनऊला इनास आला, स्कूटरवरून,
जेवणाचा हात नीट न पुसता.
बाई दारातच: 'कुणी बिघडवलं हे?'
त्याने झाकण काढलं, बॅटरी आत धरली.
त्याला सगळं दिसलं असणार.
पाना कुठे घसरला,
कुठला स्क्रू मी दुसऱ्याच्या जागी दाबून बसवला.
'खाऱ्या वाऱ्यान कॉइल जाता बाई,' तो म्हणाला,
'वयच झालां तेचां.'
तीन महिन्यांची कॉइल होती.

मग युनियन शर्टाला पुसून माझ्या हातात दिलं.

तांबं आणि लोखंड अंगाला अंग लावून ठेवलं
की लोखंड झिजत जातं, ओलाव्यात, आवाज न करता.
मध्ये पितळ असलं तर जरा जास्त टिकतं.
हे त्याने सांगितलं नाही.
ते मला शिरोड्याच्या एका घरी कळलं, उशिरा,
दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या जोडापाशी.
त्या रात्री त्याने विचारलं ते एवढंच:
'पानी तुजां बरोबर येता मां?'
'येतं.'
'मगे झालां.'

गेल्या आठवड्यात त्याचा फोन. घरचा नळ ठिबकतोय.
वायसर. दोन रुपयांचं रबर.
केसाएवढी चीर डाक देऊन बुजवणाऱ्या माणसाला
वायसर बदलता येत नाही?
गेलो. मी नळ खोलला
आणि तो बाजूला उभा राहिला, हात पाठीमागे बांधून,
मी त्याच्या बंबाशेजारी राहतो तसा.
मध्येच पक्कड पुढे केली, न मागता, योग्य तीच.
कार्मिणने चहा आणला.
शंभराची नोट मी नको म्हणणार होतो,
पण देण्याआधी त्याने ती मांडीवर
दोनदा सरळ केली होती.

हात धुवायला मागच्या पडवीत नेलं.
त्याच्या आईचा बंब, पेटलेला,
नारळाच्या करवंट्यांचा धूर.
मी ओंजळ पुढे केली, त्याने तोटी फिरवली, बंद केली.
थेंब पडत राहिला.
आम्ही दोघांनी पाहिलं.
तोटीत पाणी माझं, पण ती बसलीय त्याच्या तांब्यात.

'ही कुणाची रे?' मी म्हटलं.

तो बराच वेळ वाकून बघत होता.
'उद्या ये,' म्हणाला. 'पाना घेवन ये.
मी आग विझवन ठेवतंय.'