बाहेरगावचे इसम

ठाण्यातनं फोन :
अनोळखी माणसांची यादी पाठवा.
मी पोलीस पाटील. वही काढली.
गावात चुली एकवीस, कुलपं सत्तर;
गलाईवाल्यांच्या किल्ल्या माझ्याच खुंटीला.

डाळिंबाच्या बागेत पाचजण राहतात.
शेडवर लुंगी वाळत.
नाव? मोइनुल.
गाव? सिलचरच्या अलीकडं.

पेन अडलं.
माझा सयाजी तिथंच सोनं गाळतो.
परवा म्हणाला,
आई, घरमालक पुन्हा कागद मागतोय.

मोइनुलनं पाणी दिलं.
सोपानतात्याला झटका आला त्या रात्री
यानंच पाठीवर घेऊन डांबरी गाठली.
उचलायला गावात दुसरं होतं कोण?

शेवटचा रकाना : येण्याचं कारण.
लिहिलं, पोट.
तिकडच्या वहीत
सयाजीपुढंही
तेवढंच असंल.