साडेबासष्ट

बापाला थर्मामीटर माहीत नाही.
सत्तरीत, काजूच्या दिवसांत,
भट्टीपुढे उकिडवा बसून तो भाणाचा आवाज ऐकतो.
गुरगुरलं की लाकूड ओढायचं,
गप्प झालं की आत सारायचं.
"आच म्हणजे शेजारीण," म्हणतो पुरसो,
"फार जवळ नको, फार लांबही नको."

मी बांबोळीच्या टेकडीवर
तळमजल्यावरच्या थंड खोलीत बसते,
टोपी, मास्क, हातमोजे.
समोर पाण्याची टाकी,
गळ्यापर्यंत बुडालेल्या बाटल्या,
आणि पडद्यावर साडेबासष्ट अंश.
तीस मिनिटं.
यापेक्षा कमी, तर विषाणू उरतो.
यापेक्षा जास्त, तर नुसता पांढरा रंग उरतो.
आणि बरोब्बर झालं तरी
काही चांगलं मरतंच आत.
ते आम्ही पत्रकात बारीक अक्षरात छापतो.

बाटलीवर नाव नसतं, आकडा असतो.
तरी चारशे सतरा म्हणजे आगशीची इझाल्दा, हे मला कळतं.
नवरा बोटीवर, पोर गुटगुटीत, दूध उरून सांडणारं,
गोठलं की हळदीसारखं पिवळं.
कुणाचं निळसर गोठतं.
कुणाचं, का कोण जाणे, उभ्या रेघा धरून.

सुकांती वेळीपचं मात्र दान नव्हतं.
तिचंच दूध, तिच्याच मुलासाठी,
जो वरच्या मजल्यावर काचेत आहे,
नऊशे चाळीस ग्रॅम.
रिपोर्टात एक विषाणू निघाला,
निम्म्या गावाच्या अंगात असतो तसला,
मोठ्यांना साधा ताप न देणारा.
"म्हणजे माझं दूध नासलंय?"
नाही.
"मग तापवता कशाला?"
मी सांगितलं. भिंतीवरच्या तक्त्यासारखं सांगितलं,
मलाच ऐकवेना.
ती म्हणाली, सासू सांगते,
अंगावरचं दूध विस्तवाला दाखवलं की आटतं.
मी म्हटलं, इथे विस्तव नाही, बाय. पाणी आहे.
तिचा हात धरून झाकणावर ठेवला.
काणकोणच्या डोंगरातला हात, नखात अजून माती.
बराच वेळ ठेवला तिने.
"इतकंच? बाळंतिणीचं पाणी याहून कढत असतं."

बाविसाव्या मिनिटाला वीज गेली.
जनरेटर अकरा सेकंदांत लागला,
पण आलेख तुटला होता,
आणि तुटलेल्या आलेखाचं दूध कुणाला देत नाहीत.
पुन्हा तापवायचंही नाही.
बेसिनमध्ये ओतताना मी नळ सोडला नाही.
बाप पहिली धार भुईला देतो,
काही न बोलता, पायाजवळ.
इथे फरशी आहे, आणि खाली जाळी.
चारशे सतराही त्यातच गेली.
इझाल्दाला कोण कळवतं?

सुकांतीला कळवावं लागलं.
ती रडेल म्हणून मी खुर्ची ओढली.
तिने पदर सारखा केला, विचारलं,
"ते यंत्र रिकामं आहे?"
शेजारच्या खोलीत पंपाची घरघर,
थांबून, पुन्हा, थांबून.
आटलं नव्हतं.
संध्याकाळी बाटलीच्या तळाशी अठरा मिली.

तीस मिनिटं मी स्टुलावरून उठले नाही.
पडद्यावर आकडा होता,
तरी टाकीला कान लावून बसले.
मग बर्फाचं पाणी, मग चिठ्ठी, मग लिफ्ट,
मग नळी, केसाहून थोडी जाड,
आणि पहिल्या खेपेला दोन मिली.
त्याने तोंड हलवलं की नाही,
मला दिसलं नाही. काच धूसर होती.

रात्री बापाचा फोन. यंदा बोंडं कमी,
उर्राक मात्र गोड उतरलाय.
"आणि तू? आज किती काढलंस?"
अठरा मिली.
"म्हणजे किती?"
चार चमचे नाहीत.
"एवढ्यासाठी अख्खी भट्टी?"
हो.
पलीकडे लाकूड तडकल्याचा आवाज आला.
मग म्हणाला,
"बरं. ओढायचं विसरू नको."