तिरपी मान

पाठीवर चौदा किलो.
त्यातले नऊ कपडे, दोन वायरी आणि औषधं,
उरलेले तीन निव्वळ "लागलं तर असू दे".
प्राग झालं, बुडापेस्ट झालं, बेलग्रेड, सोफिया,
एकविसाव्या दिवशी मी प्लोवदिवच्या बसस्टँडवर.
तोवर काहीही लागलं नव्हतं.

फलकावरची अक्षरं ओळखीची दिसायची
आणि ओळख द्यायची नाहीत.
'पी' होता तो 'र' निघाला, 'एच' निघाला 'न'.
लग्नातल्या लांबच्या नातेवाइकांसारखं,
चेहरा पाहून हाक मारावी तर भलतंच कोणी.

खिडकीत बाई. लाल नखं, समोर सूर्यफुलाच्या बिया.
"वेलिको टर्नोवो?" मी पांढऱ्या बसकडे बोट केलं.
बाईने मान हलवली,
डावीकडून उजवीकडे, ठाम.
नाही तर नाही.
मी बाकावर बसले, पांढरी बस गेली.
मग निळी आली.
बाईने मान वर उडवली, भुवयांसकट.
मी चढले.
ती काचेवर टकटक करत होती.
केवढी प्रेमळ, वाटलं. मी हात हलवला.

दोन तासांनी रस्ता संपला.
ड्रायव्हर उतरला आणि घरी गेला.
घरी म्हणजे घरीच. समोरच्या ओट्यावर
बूट काढताना मला दिसत होता.

तिथून मला उचललं रादकाबाईंनी,
बादलीभर आलुबुखारांसकट.
बरोबर नातू ल्युबेन, वय अकरा,
इंग्रजी सगळं व्हिडिओ गेममधलं.
माझ्या बॅगेला तो इन्व्हेंटरी म्हणाला.

जेवायला दही, काकडी, लसूण, अक्रोड,
थंडगार, पातळ.
कोशिंबीर पोहायला गेली होती.
एक वाडगा झाला. "आणखी?"
मी मान हलवली, नको.
वाढलं.
जोरात हलवली. काठोकाठ वाढलं.
चौथ्या वाडग्याला डोळ्यांत पाणी.
त्यांना वाटलं, आवडलं पोरीला.
मग पाव आला, गरम, तो मात्र हवा होता,
मी आनंदाने मान डोलावली
आणि पाव परत गेला.

आमच्या घराण्यात एक तिरपी मान आहे.
हो, नाही आणि बघू, तिन्ही एका झोक्यात.
तिच्यावर लग्नं जमली आहेत,
एक मोडलंही, माझंच.
नाइलाजाने ती काढली.
रादकाबाईंचा डाव हवेतच थांबला.
ल्युबेन म्हणाला, "एरर."

मग त्याने समजावलं.
इथे आडवी म्हणजे हो. वर म्हणजे नाही.
सोपं आहे, लेव्हल वन.

मी गप्प.
एकेक जण आठवायला लागला.
खिडकीतली बाई, जिला मनात काय काय बोलले
ते इथे लिहीत नाही.
आणि सोफियाच्या हॉस्टेलमधला तो म्हातारा,
"ही खालची कॉट रिकामी आहे का?" हातवारे करून विचारणारा.
मी किती आपुलकीने मान डोलावली होती!
रात्रभर तो बाहेर सोफ्यावर,
पाय गुडघ्यापासून अधांतरी.
मला वाटलं, असते एकेकाला हौस.

रात्री रादकाबाईंनी काहीतरी विचारलं,
माझ्या मोकळ्या बोटाकडे बघत.
कुठल्याही देशात हा प्रश्न मला
भाषांतराशिवाय कळतो.
तरी ल्युबेनने केलं:
"आजी विचारते, सिंगल प्लेयर?"

मी मान हलवली.
डावीकडून उजवीकडे, ठाम.
तिला कळलं. हसली.
तेवढ्यावर पावही मिळाला.

सकाळी ड्रायव्हर बूट घालून आला.
रादकाबाईंनी बॅगेत मुरंब्याची बरणी कोंबली
आणि जे म्हणाल्या ते ल्युबेन झोपेत असूनही कळलं:
लागलं तर असू दे.

बरणी वळणावर फुटली.
नऊ किलो कपडे, सगळे जांभळे.
त्या तीन किलोंत तळाशी
एक जास्तीचा टॉवेल होता.
लागला.