स्कॅनरच्या काचेवर राहिलेलं

सकाळी साडेआठला शटर वर.
तिकडे गंगावेशीत दूधकट्ट्यावरच्या म्हशी अजून धारेला उभ्या,
इकडे आधी वर्तमानपत्रं काठीला लावायची,
मग यूपीएस, मग राउटर.
त्याचा हिरवा दिवा ठरेपर्यंत
मी कुणाशी बोलत नाही.
सर्जेराव शिपाई त्याला माझी पूजा म्हणतो.

संगणक चार. चालतात तीन.
चौथ्यावर कागद चिकटवलाय : बंद आहे, विचारू नये.
रोज विचारतात.

टोकनं पत्र्याची, नेजदारांच्या काळातली,
मूळची कुठल्याशा सायकल स्टँडची.
एका टोकनाला पाऊण तास.
प्रिंट दोन रुपये, सुट्टे आणावेत.
दुसऱ्या नंबरावर ‘ल’ची कळ उडालीय,
तिथं बसून अर्ज भरणारे सगळे
कोहापूरचे रहिवासी होतात.

अकराच्या सुमाराला आदगोंडा मगदूम,
हयातीच्या दाखल्यासाठी.
चौतीस वर्षं उद्यमनगरच्या फौंड्रीत,
वाळूनं, तापल्या लोखंडानं
अंगठा नदीतल्या गोट्यासारखा.
यंत्र म्हणालं, जुळत नाही.
पुन्हा ठेवा. जुळत नाही.
“म्हंजे मी न्हाईच म्हणा की आता,”
हसले, आणि पाणी मागितलं.
बोटांना खोबरेल चोळलं, पुसलं,
उजवा झाला, डावा झाला,
शेवटी डाव्या करंगळीवर
ते जिवंत निघाले.
सर्जेरावानं टाळ्या वाजवल्या.
‘शांतता राखा’ची पाटी
मी त्या वेळी पाहिली नाही.

दुपारी सर्व्हर झोपतो.
सुफियान बागवानची भरतीची शेवटची तारीख
आणि पडद्यावर गोल गोल फिरणारं काहीतरी.
तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघतो,
जणू सरकार माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे.
ड्रॉवरमध्ये खरं तर एक वही आहे.
मागच्या पानांवर सतरा जणांचे पासवर्ड.
“तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या ताई, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई.”
असं ठेवू नये, प्रशिक्षणात बजावलं होतं.
रुक्साना जमादारांचा पासवर्ड : म्हशीचं नाव
आणि ती विकली ते साल.
मी वहीला कुलूप लावते
आणि किल्ली कुठं ते इथं लिहीत नाही.

नेजदार निवृत्त होताना
बिस्किटांचा एक डबा देऊन गेले.
परत आलेल्या पुस्तकांत सापडलेलं सगळं त्यात :
एसटीची तिकिटं, वाळलं बेलपान,
कुणाचा हातउसन्याचा हिशेब,
तीन पत्रं, घडी न मोडलेली.
“पानं मोजायची बाई,
पानातलं वाचायचं नाही.”

आता पुस्तकांत फारसं काही सापडत नाही.
आता राहतं ते स्कॅनरच्या काचेवर, पालथं.
रेशनकार्ड. गुणपत्रक. घटस्फोटाचा कागद एकदा.
झाकण उचलून, तसंच पालथं
मी ते डब्यात सरकवते.
काचेनं वाचलंय तेवढं पुरे.

साडेसातला एकेकाला बाहेर काढायचं,
माणसं गेलेली असतात, पण आत उघडीच असतात.
कुणाची बँक, कुणाचा ईमेल,
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन.
डोळे किलकिले करून
मी ज्याला त्याला त्याच्या त्याच्या नावातून मिटवते.

आज तिसऱ्या नंबरावर एक पत्र अर्धं.
एकच शब्द दिसला, नाइलाजानं : आईस,
आणि पुढं उभी रेघ, लुकलुकत.
बंद करायला गेले तर यंत्रानं विचारलं,
बदल जतन करायचे?

नेजदार असते तर काय म्हणाले असते?
त्यांच्या वेळी कागद हा प्रश्न विचारत नव्हता.

सर्जेराव खाली कुलूप घेऊन उभा.
“ताई, किती येळ?”

हो, दाबलं.
फाइलला नाव मागितलं,
मी दिलं : टोकन अकरा, आणि तारीख.

मग टोकनं मोजली.
वीस हवीत, एकोणीस भरली.
अकरा नंबर कुणाच्या तरी खिशात
पेठेतून घरी गेलाय.

वहीत लिहिलं : एक येणे.
शटर खाली.