बशीखालचे थेंब

एर्मेलिंदाबायनं फांदी दिली ती
दिवाडीच्या धक्क्यावर, ओल्या पेपरात गुंडाळून.
"चटणीतला पुदिना न्हय हो हा.
ह्याचा वास आधी नाकाक चावता."
गाड्यांची तिकिटं फाडता फाडता खिशात टाकली,
दिवसभर खाकी गार लागत राहिली.

तेव्हा माझं पोट म्हणजे फुगलेली ट्यूब.
अवेळी जेवण, उभ्यानं चहा,
दोन काठांमध्ये दाबून धरलेले ढेकर.

कृती तिनं एकदाच सांगितली, दटावून:
पाणी उकळ, पानं उकळू नकोस.
आच बंद. मग आठ पानं,
बोटांनी दुखव नुसती, चुरगाळू नकोस.
वर बशी.
फेरीबोट ह्या काठाची त्या काठाला लागेस्तोवर
बशीला हात लावायचा नाही.
आणि बशीला खालून धरलेले थेंब
कपातच झटकायचे. औषध तिथं असतं.
साखर घातलीस तर मला कळेल.

छातीत जळजळत असेल त्या दिवशी घेऊ नये,
हे तिनं नंतर सांगितलं,
माझं जळून झाल्यावर.

आता ती लेकाकडे, स्विंडनला.
फांदी माझ्या मोरीमागे,
रंगाच्या डब्यातून केव्हाच बाहेर पडलेली.
रविवारी फोन येतो:
"हांगा पुड्यो मेळतात रे, दोरयेक बांदिल्ल्यो.
वास खंय आसा?
तू बशी ठेवतोस मरे?"

ठेवतो, म्हणतो.
फोन खांद्यात धरून बशी उचलतो.
थेंब पडल्याचं तिला ऐकू गेलं का,
विचारायचं दर वेळी राहतं.